गप्प जागेचा वाटेकरी

रेडिओवर दोन माणसं बोलत असताना मध्ये जी घोटभर गप्प जागा राहते, ती कुणाची, यावरून माझं आणि माझ्या मुलीचं भांडण आहे. तिच्या बाजूनं कायदा आहे, तिची कंपनी आहे, आणि परवा माझ्या गळ्यात पडलेला हारसुद्धा तिच्याच बाजूनं धरला जातोय. माझ्या बाजूनं मंगल भांगरे आहे. तिला आता बोलता येत नाही, म्हणून मी बोलते. माझा आवाज चढलेला वाटला तर वाटू द्या, तो चढलेलाच आहे.

आम्ही हौशी रेडिओवाले. परीक्षा देऊन परवाना काढायचा, पदरचे पैसे घालून सेट घ्यायचा, गच्चीवर तारा ताणायच्या आणि ओळखपाळख नसलेल्या माणसांशी हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, असा हा छंद. लोक आम्हाला पूर्वीही जरा वेडगळच समजायचे. आता ज्याच्या त्याच्या मनगटावर थेट उपग्रहाशी बोलणारं घड्याळ आल्यापासून तर आमच्याकडे अश्मयुगातून आल्यासारखं बघतात. मी, कुंदा ओतूरकर, अकोल्याला नव्हे, अकोले तालुक्यात कॉलेजच्या पोरांना पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले. नवरा सदानंद जनावरांचा डॉक्टर, तोही निवृत्त. दोघंही परवानाधारक, दोघंही राजूरला, आणि मुलगी मृण्मयी पुण्यात.

आमच्यात एक रीत आहे. एकाचं बोलणं संपलं की दुसऱ्यानं लगेच बटण दाबायचं नाही. दोन श्वास थांबायचं. का, तर कुठंतरी कुणी अडलेला असेल, त्याचा सेट दुबळा असेल, बॅटरी संपत आली असेल, तर त्याला तेवढ्या फटीतून हाक मारता यावी. आपण बोलत असताना तो बोलला तर आपल्या आवाजाखाली त्याचा चेंदामेंदा होणार. थांबलो तरच तो ऐकू येणार. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. पण ज्यांनी मला सेट हातात धरायला शिकवलं, त्यांनी मी न थांबता बोलले म्हणून आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं. तेव्हापासून ती सवय हाडात गेली. वर्षानुवर्षं त्या फटीत कुणीही बोलत नाही, आणि तरी आम्ही थांबतो.

मग वाटेकरी आला. त्याचं कागदावरचं नाव लांबलचक आहे, पण सगळे त्याला वाटेकरीच म्हणतात. कल्पना वाईट नव्हती, हे मी मान्य करते. रेडिओच्या लहरी म्हणजे मर्यादित रस्ते. फोन, घड्याळं, आपोआप चालणाऱ्या गाड्या, शेतातली यंत्रं, सगळ्यांना रस्ते हवेत, आणि नवे रस्ते काही तयार करता येत नाहीत. तेव्हा कंपनीनं म्हटलं, ज्यांना जुने रस्ते दिलेत ते तरी ते सारखे कुठं वापरतात? पोलिस, वनखातं, हे हौशी म्हातारे, यांचे रस्ते दिवसातले तासन्‌तास ओस असतात. ते ओस असताना आम्ही आमची वाहतूक तिथून काढतो. मालक आला की बाजूला होतो. त्यासाठी त्यांनी डोंगरमाथ्यांवर कान बसवले. एखाद्या लहरीवर कुणी बोलत नाही असं त्या कानाला वाटलं की आजूबाजूचे कंपनीचे सगळे मोबाइल खांब डोळ्याचं पातं लवायच्या आत त्या लहरीवर माल ओतायला लागतात. कानाला माणसाचा आवाज आला की तितक्याच चपळाईनं सगळे गप्प.

यातला माणसाचा आवाज ओळखण्याचा भाग माझ्या मुलीनं केला. कुणाचा बिघडलेला फ्रिज, कुणाचा पंप खरखर सोडतो आणि कान फसतो, म्हणून तिनं त्याला शिकवलं की नुसत्या खरखरीला, शिट्टीला जुमानायचं नाही. शब्द असलेला माणसाचा आवाज हवा, आणि तो ठरावीक पातळीच्या वर हवा. पातळीच्या खाली जे असेल ते शून्य धरायचं. त्याबद्दल तिला कंपनीनं बढती दिली, आणि मी पुरणपोळ्या केल्या होत्या. जेवताना मी विचारलं होतं की आमच्या थांब्याचं काय. ती हसली आणि म्हणाली की आई, त्या फटीत कुणी बोललं तर यंत्र हटेलच, आणि कुणी बोललंच नाही तर ती जागा फुकट का घालवायची. मी म्हटलं, जो दुबळा आहे त्याच्यासाठीच ती जागा आहे, आणि तुझं यंत्र तर दुबळ्यालाच शून्य धरतं. सदानंदनं तूप वाढत विषय बदलला. तो मुलीचा बाप होता आणि तिच्यावर खूश होता.

दर वर्षी पावसाळा सरला की सदानंद वनरक्षक मंगल भांगरेबरोबर शेकरूंची घरटी मोजायला जायचा. शेकरू म्हणजे आपली ती मोठी तांबूस खार. मंगल पस्तिशीची, महादेव कोळी, पलीकडच्या वाडीतली. ती झाडाखाली उभी राहून नुसत्या नजरेनं घरटं जुनं की नवं ते सांगायची, आणि सदानंदचा अंदाज चुकला की मिश्कील हसून म्हणायची, “डॉक्टर, ती म्हैस नाही.” तिच्या खात्याचे जुने वायरलेस सेट वाटेकरी आल्यावर मोडीत निघाले होते, सगळ्यांना घड्याळं दिली होती. सदानंद मात्र छोटा हातातला सेट नेल्याशिवाय घरातून हलायचा नाही.

त्या दिवशी ती दोघं संध्याकाळपर्यंत यायची होती. आली नाहीत. सदानंदच्या घड्याळानं शेवटचं ठिकाण पठारावरचं दाखवलं होतं. दुसरा अख्खा दिवस राजूरच्या आणि घोटीच्या बचाव पथकातली मुलं ते पठार विंचरत राहिली. पठारावरून खाली उतरणाऱ्या घळी दहा-बारा तरी आहेत, आणि प्रत्येक घळ इतकी अरुंद की तळातून आभाळाची पट्टीच दिसते. तिथं घड्याळाला उपग्रह सापडत नाही. वरून धुकं असं बसलं होतं की ड्रोन उडवून उपयोग नव्हता. एका घळीत उतरून चढून यायला पथकाला दिवस लागतो. कुठल्या घळीत उतरायचं, एवढंच कुणीतरी सांगायला हवं होतं.

आम्ही रेडिओवर सदानंदसाठी हाका चालू ठेवल्या होत्या. हाक मारायची आणि थांबायचं, पुन्हा हाक मारायची आणि थांबायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी बरकत तांबोळीचा फोन आला. बरकत घोटीला मंडप आणि स्पीकर भाड्यानं देतो आणि आमच्यातला सगळ्यात तिखट कानाचा माणूस आहे. रात्रीच तो गाडी घेऊन पठाराच्या पायथ्याशी येऊन बसला होता. म्हणाला, “ताई, थांब्यात डॉक्टरसाहेबांच्या कॉलसाइनची, त्यांच्या परवान्यावरच्या नावाची, शेवटची दोन अक्षरं आली. त्यांचाच आवाज. लगेच वाटेकरी आला आणि पुसून गेला.”

मी सेटजवळच बसले होते. मला काय ऐकू आलं असेल? तेच, दोन दिवस येत होतं ते. आम्ही बोलणं थांबवलं की अर्ध्या श्वासात चरचर सुरू, गरम तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी. आणि तेव्हा मला कळलं. सदानंद जिवंत होता. तो रीतीप्रमाणं आमचं बोलणं संपायची वाट बघत होता आणि थांबा मिळाला की हाक मारत होता. आणि नेमक्या त्याच थांब्यात यंत्राला जागा ओस दिसत होती. आम्ही त्याच्यासाठी दार उघडत होतो आणि प्रत्येक वेळी दुसराच कुणीतरी आत घुसत होता. काय घेऊन घुसत होता, तर कुणाच्या तरी गाडीत चाललेली मालिका, कुणाच्या तरी फ्रिजनं मागवलेलं दूध.

मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडून गोड आवाजात सांगण्यात आलं की तुमच्या भागात संपर्क शंभर टक्के उपलब्ध आहे आणि अडचणीतली कुठलीही हाक नोंदलेली नाही. मी म्हटलं, नोंदली जात नाहीये तीच तर अडचण आहे. त्यावर तेच वाक्य पुन्हा आलं. मी मृण्मयीला फोन लावला. बाप घळीत अडकलेला, पोर दोन दिवस झोपली नव्हती. म्हटलं, अर्ध्या तासापुरता या भागातला वाटेकरी बंद कर. ती म्हणाली की तिनं वरपर्यंत विचारून झालंय. एखाद्या भागातली वाहतूक थांबवायची तर अडचणीतली हाक नोंदलेली लागते, तसा नियम आहे. आणि हाक नोंदायला ती कानाच्या पातळीच्या वर लागते.

“म्हणजे तुझ्या बाबांनी आधी मोठ्यानं बोलायला हवं,” मी म्हटलं.

ती रडायला लागली आणि मी फोन ठेवला. तिला समजवायला माझ्याकडे त्या वेळी वेळही नव्हता आणि खरं सांगायचं तर मनही नव्हतं.

मी सदानंदची सुताराची पोलादी टेप काढली आणि कापायला घेतली. हा आमचा जुना उद्योग. डोंगरावर न्यायला हलका, दिशा दाखवणारा अँटेना हवा असेल तर यासारखं दुसरं काही नाही. पाण्याच्या अर्ध्या इंची प्लॅस्टिक पाइपचा हातभर लांब दांडा घ्यायचा आणि त्यावर टेपच्या पट्ट्या आडव्या बसवायच्या, नळाला लावतात त्या पट्टीच्या क्लिपांनी आवळून. मधली पट्टी दोन तुकड्यांत कापून त्यांना सेटची वायर जोडायची. ही बोलणारी पट्टी. तिच्या मागं तिच्याहून थोडी लांब पट्टी. ती लहर अडवून पुढं परतवते, बॅटरीच्या बल्बमागची चकचकीत वाटी उजेडाला पुढं ढकलते तशी. आणि पुढं थोडी आखूड पट्टी, ती लहरीला आपल्याकडे ओढून नेते. साध्या अँटेनाचा आवाज चारी बाजूंना सांडतो, याचा एका बाजूला जातो. जिकडे रोखाल तिकडे जोरात, आणि पाठीमागं जवळजवळ काहीच नाही. ऐकतानाही तसंच. टेपच का, तर करवंदीच्या जाळीतून घुसताना ती वाकते आणि बाहेर आली की पुन्हा ताठ होते. सगळं मिळून वजन भाजीच्या जुडीएवढं. टेपवरचा पिवळा रंग खरवडून कथिलाचा डाग दिला आणि वायर बसवली.

तो अँटेना मी बनवला होता सदानंदच्या आवाजाची दिशा शोधायला. गाडी काढून पायथ्याशी बरकतजवळ गेले आणि दांडा हातात धरून एकेका घळीकडे रोखला. कुठंही रोखा, चरचरच. खांब सगळीकडे होते, त्यामुळं वाटेकरी सगळीकडून येत होता. बरकत गाडीच्या बॉनेटवर बसून माझ्याकडे बघत होता. त्याच्याही डोळ्यांत झोप नव्हती. त्याला वाटलं मी आता खाली बसणार, आणि मी बसणारच होते. पण दांडा खाली घेताना तो उलटा झाला आणि मला वाटलं, हा घळीकडे कशाला रोखायचा?

यंत्राला गप्प करायचं तर कुणीतरी सतत बोलत राहायला हवं. पण कुणी बोलत राहिलं तर सदानंदचा दुबळा आवाज त्याखाली चिरडणार. दोन्ही एकाच वेळी हवं होतं, बोलणंही आणि शांतताही. तर मग बोलणं फक्त कानाला ऐकू जावं आणि घळीकडं माझ्या अँटेनाची पाठ असावी. मधे डोंगराची धार आली तर आणखी उत्तम. मी धारेच्या पलीकडच्या उतारावर उभी राहून कानात बोलेन, यंत्र समजेल की लहर कुणाच्यातरी ताब्यात आहे आणि सगळे खांब गप्प होतील. अलीकडे पायथ्याशी बरकतला माझा आवाज जेमतेम येईल किंवा येणारच नाही. त्याला येईल फक्त शांतता, आणि त्या शांततेत जे असेल ते.

फक्त कान कुठं आहे ते मला माहीत नव्हतं. ती माहिती गुप्त असते, आणि बोलण्याचं नाटक करून लहर अडवून ठेवणं हा गुन्हा आहे. मी पुन्हा मृण्मयीला फोन लावला आणि काय करणार आहे ते सांगितलं. पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “घुबडमाथ्यावर, पाण्याच्या टाकीच्या डाव्या हाताला. आई, नुसतं बटण दाबून उभी राहू नकोस. त्याला माणूस लागतो. बोलत राहा.”

धारेवर चढताना माझा दोनदा तोल गेला. साठी उलटलेल्या बाईनं ओल्या गवतावरून धावू नये, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. वर पोचून पलीकडे जरा उतरले तेव्हा समोर घुबडमाथा आणि त्यावरची टाकी स्वच्छ दिसत होती, धुकं सगळं मागं राहिलं होतं. फोन तिथं झकास चालत होता. चालणारच, तो त्यांच्या मालाच्या रस्त्यावर होता. फोन माझ्या कानाला बांधून बरकतशी चालू ठेवला, दांडा टाकीच्या डाव्या हाताला रोखला आणि बटण दाबलं.

काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. मी त्या यंत्राच्या कानाला झापायला सुरुवात केली. तीस वर्षं मागच्या बाकावरच्या पोरांना झापलंय, तसं. म्हटलं, ऊठ आणि ऐक. तू फुकट जागा म्हणतोस ती फुकट नाही, ती आम्ही राखलेली आहे. घरात पाहुणा येईल म्हणून एक पान जास्त वाढून ठेवतात, ते उष्टं नसतं. तुला मोठ्यानं बोलणारा तेवढा माणूस वाटतो, कण्हणारा वाटत नाही. जिनं तुला हे शिकवलं ती माझी मुलगी आहे आणि तिला मी वाढवलंय, म्हणून तुलाही ऐकून घ्यावं लागेल. असं बरंच. शब्द संपतील असं वाटत होतं, ते संपेनात.

“ताई, सगळं गप्प झालं,” बरकत फोनवर म्हणाला. “बोलत राहा.”

मी बोलत राहिले. हात आखडला, खांद्यात कळ आली. जरा वेळानं बरकत फोनवर कुणाशी तरी बोलतोय असं वाटलं. तो फोनवर नव्हता, रेडिओवर बोलत होता. मला त्याचंच बोलणं ऐकू येत होतं, पलीकडचं नाही. तो म्हणत होता, हो डॉक्टर, ऐकू येतंय. पुन्हा सांगा. करवंदघळ. दुसऱ्या धबधब्याखाली. मग माझा हात खाली आला, दांडा हलला, आणि बरकत ओरडला की ताई, वाटेकरी आला. मी दोन्ही हातांनी दांडा धरून पुन्हा रोखला आणि त्या कानाला तोंडात येईल ते बोलले. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

नंतर बरकतनं मला सदानंदचे शब्द जसेच्या तसे सांगितले. “मी बरा आहे. मंगल कड्यावरून पडलीय, पोटाला मार आहे. मला सोडा, तिला आधी न्या.”

संध्याकाळी पथक त्यांच्यापर्यंत पोचलं. मंगल शुद्धीवर होती. पथकातल्या मुलाला तिनं स्वतः सांगितलं की झोळी कुठून काढायची. नाशिकच्या रस्त्यावर ॲम्ब्युलन्समध्येच ती गेली. आतल्या आत रक्त जात होतं, नाशिकच्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, आणि काल आणलं असतं तर वाचली असती. डॉक्टरांनी ते सहज सांगितलं. तिचा नवरा भिंतीला टेकून उभा होता, त्यानं ऐकून घेतलं आणि घरी कळवायचं म्हणून फोन काढला.

आठवड्यानं मला नोटीस आली. लहर खोटेपणानं अडवून ठेवल्याबद्दल. तेवढ्या वेळात त्या भागातली किती वाहतूक खोळंबली आणि किती मोकळी जागा वाया गेली, त्याचा तक्ता सोबत जोडला होता. मी ती नोटीस बरकतच्या सांगण्यावरून वर्तमानपत्राच्या लोकांना दाखवली आणि बघता बघता बोंबाबोंब झाली. मग काय, नोटीस मागं घेतली गेली, आणि कंपनीतर्फे संगमनेरला माझा सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, हार. मी गेले ते मंगलचं नाव व्यासपीठावरून घेता येईल म्हणून. कंपनीचे दिघावकर नावाचे मोठे साहेब बोलले. एका भगिनीच्या जिद्दीनं एक अनमोल जीव वाचला, असं ते म्हणाले. एकच जीव त्यांनी मोजला. मग त्यांनी पडद्यावर नव्या योजनेचं नाव दाखवलं. ‘विराम’. यापुढे ज्यांना आपल्या भागात शांतता राखीव हवी असेल त्यांनी ती आपापल्या सेटच्या नावावर, मिनिटांच्या हिशेबानं विकत घ्यायची. घेतली की तो सेट चालू असेल तेवढा वेळ तिथं वाटेकरी येणार नाही. ज्येष्ठ नागरिकांना सवलत. योजनेची प्रमुख म्हणून त्यांनी मृण्मयीचं नाव पुकारलं आणि सभागृहानं टाळ्या वाजवल्या.

मला बोलायला दिलं तेव्हा मी म्हटलं की जे तुमचं कधीच नव्हतं ते तुम्ही चोरलंत, आणि आता तेच आम्हाला सवलतीत विकताय. ध्वनिक्षेपक बंद पडला. बिघाड झाला असं सांगितलं गेलं. शाल मी खुर्चीवर ठेवून आले.

मृण्मयी माझ्या मागोमाग राजूरला घरी आली. सदानंद सत्काराला आला नव्हता, ‘बरा आहे’ म्हणालेल्या त्या माणसाचा मोडलेला पाय प्लास्टरमध्ये होता, हे कारण सांगायला बरं होतं. मृण्मयी त्याच्या पायाशी बसली. तिला वाटत होतं तिनं भांडून मोठी गोष्ट मिळवलीय, आणि एका अर्थानं मिळवली होतीच, पूर्वी तर तेही नव्हतं. तिनं सांगितलं की बाबांच्या नावावर तिनं स्वतः या सगळ्या घळींचा विराम कायमचा घेऊन ठेवलाय.

“आणि मंगलच्या नावावर कुणी घेतला असता?” मी विचारलं.

ती म्हणाली की वनखात्याला वेगळा दर देता येईल, तिनं तसा प्रस्ताव ठेवलाय. मी तिला म्हटलं की अगं, ती जागा अमुक माणसाची नसतेच. कोण पडणार आहे ते आधी माहीत असतं का? माहीत नसतं म्हणून तर सगळ्यांनी थांबायचं असतं. तिनं शांतपणे विचारलं की मग एवढे रस्ते आणायचे कुठून, आई, तूच सांग. हॉस्पिटलची यंत्रंसुद्धा त्याच रस्त्यावर चालतात. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजूनही नाही. पण उत्तर नाही म्हणून मंगलनं मरावं, हे मला पटवून घेता येत नाही.

इतका वेळ सदानंद ऐकत होता. घळीतून आल्यापासून त्यानं सेटला हात लावला नव्हता, आणि त्या दोन दिवसांबद्दल तो कुणाशी बोलला नव्हता. तो मुलीकडे बघून म्हणाला, “तिला सगळं ऐकू येत होतं. तुझी आई हाक मारायची, थांबायची, मी बोलायचो आणि चरचर यायची. मंगल मला विचारायची, डॉक्टर, त्या थांबतात कशाला, कुणी ऐकणारच नसेल तर?”

मृण्मयी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसली. जेवायला बोलावलं तर आली, पण दोन घासांवर उठली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं ती पुण्याला गेली. जाताना पाया पडली, मी डोक्यावर हात ठेवला. ती नोकरी सोडेल असं मला वाटलं होतं. तिनं सोडली नाही. तिचा राग मला येतो आणि तिची काळजीही वाटते, आणि या दोन्ही गोष्टी एकाच ताटात वाढून घेऊन मी रोज जेवते.

रविवारी सकाळी मी धारेवर गेले. या वेळी सावकाश, काठी घेऊन. कुणी हरवलं नव्हतं, कुणी हाक मारत नव्हतं. मी दांडा घुबडमाथ्याकडे रोखला आणि बटणावर अंगठा ठेवला. बोलायला सुरुवात करून पाच मिनिटं झाली नसतील, तेवढ्यात फोन वाजला.

“आई, तू माझ्या टेबलावरच्या पडद्यावर दिसतेयस,” मृण्मयी म्हणाली. “तिथं विराम घेतलाय तो फक्त बाबांच्या सेटसाठी, आणि तो सेट घरी बंद आहे. तू थांबली नाहीस तर मला गुन्हा नोंदवावा लागेल. मलाच. दुसरं कुणी नाहीये आज.”

मी म्हटलं, नोंदव. तुझं काम आहे ते. आणि नोंदवायचं तर मी काय बोलते तेही नीट लिहून घे.

तिनं फोन ठेवला नाही. मला पलीकडून तिचा श्वास ऐकू येत होता. मी अंगठा पुन्हा दाबला. म्हटलं, ऐक, तुला माणसाचा आवाज लागतो ना, मग हा घे. तिचं नाव मंगल सोमा भांगरे. ती झाडाखाली उभी राहून सांगायची की घरटं जुनं आहे की नवं. मी सांगत गेले, जेवढं मला तिच्याबद्दल माहीत होतं तेवढं सगळं, आणि माझ्या पाठीमागं त्या सगळ्या घळी गप्प होत्या, कुणी बोललं असतं तर ऐकू आलं असतं इतक्या.